धायगुडेजींची घोंगडी

धायगुडेजींच्या दुकानात बंद लॅपटॉप घेऊन गेलं, की ते आधी तुमच्या डोक्यावर घोंगडी टाकतात.

खरंच सांगते. काळी, खरखरीत, मेंढीचा वास येणारी घोंगडी. पुरुष गिऱ्हाईक असेल तर तेही सोबत आत शिरतात. बाई असेल तर आत बाई, लॅपटॉप आणि टॉर्च. धायगुडेजी बाहेर उभे राहून डॉक्टरसारखे विचारतात, "टॉर्च तिरपी धरा. काही दिसून राहिलं का?"

जुन्या इंदुरात त्यांचं दुकान आहे, दोन माणसं उभी राहिली की भरणारं. वय सत्तरीच्या पुढं. पणजोबा संस्थानच्या पागेत होते, म्हणजे घोडे सांभाळायचे. धायगुडेजी हे पहिल्या पाच मिनिटांतच सांगतात. "घोडा लंगडला की आमचे पणजोबा आधी नाल बघायचे, मग पाय. आजकालचे लोक घोडाच बदलतात." भिंतीवर पाटी आहे: 'खराब झाला असे म्हणू नये. काय होत नाही ते सांगावे.'

मी तिथं गेले ती रडून डोळे लाल करून.

मी वाशीम जिल्ह्यातली. आठवीत शाळा सुटली ती सुटलीच. लग्नानंतर नवऱ्याच्या कामापायी इंदूरला आले, आता विजय नगरातल्या एका ऑफिसात चहा-नाश्त्याचं बघते. तिथल्या मॅडमनी मला दहावीचा फॉर्म भरायला लावला आणि व्हिडिओवरचे धडे बघायला ऑफिसचा एक जुना लॅपटॉप घरी दिला. चौतीस वर्षांत माझ्यावर एवढा विश्वास कुणी टाकला नव्हता. अभ्यास झाला की मी तो टॉवेलात गुंडाळून ठेवायची, बाळंतिणीनं पोर ठेवावं तसा.

आणि शनिवारी सकाळी उघडला, तर पडदा काळा. पंखा फिरतोय, बटणावरचा दिवा लागलाय, पडदा मात्र काळाठिक्कर. सोमवारी ऑफिसात सगळ्या मशिनी तपासायला माणूस येणार होता. बंद मशीन परत केली असती तर मॅडम ओरडल्या नसत्या. नुसत्या "कोई बात नहीं" म्हणाल्या असत्या, आणि पुन्हा कुणा कामवाल्या बाईला काही दिलं नसतं. माझी दहावी तिथंच आटोपली असती. मला त्या "कोई बात नहीं"चीच धास्ती होती.

विजय नगरातल्या एका चकचकीत दुकानात गेले. तिथल्या माणसानं झाकण अर्धं उघडून सांगितलं, "स्क्रीन गई. बदलनी पड़ेगी." मी बाहेर येऊन रडले, मग डोळे पुसून, नुसतं नाव ऐकून होते त्या धायगुडेजींकडं जायला बस धरली. ठरवलं, रडायचं ते सोमवारनंतर.

"खराब झाला," मी धायगुडेजींना म्हटलं. त्यांनी पाटीकडे बोट दाखवलं.

"चित्र दिसत नाही," मी सुधारून म्हटलं.

"हे कोण बोललं? बघितलं का तुम्ही?" आणि घोंगडी पडली.

आत गुदमरायला झालं. टॉर्च लावली.

"काय दिसतं?"

"मी."

"तुम्ही नको, ताई! तिरपी धरा, तिरपी!"

टॉर्च कलती केली आणि काळ्या पडद्यात, पाण्याच्या तळाशी असावा तसा पुसट, मॅडमनी लावून दिलेला डोंगर दिसला. "डोंगर!" मी ओरडले.

"डाव्या बाजूला की उजव्या?"

"डाव्या!"

"शाब्बास! मग भिया जिवंत आहेत. चित्र आहे, चित्रामागचा दिवा विझलाय. बल्ब गेला म्हणून कोणी घर बदलतं का, जी?"

सगळ्या मशिनींना ते भिया म्हणतात, म्हणजे इंदुरी भाऊ. मग त्यांनी काउंटरवर खडूनं संशयितांची नावं लिहिली: उजेडाचं बटण, वायर, बिजागरी, दिव्याचं सर्किट, आणि शेवटी स्क्रीन. सगळ्यांत साधा संशयित आधी. बटण तपासलं, नाव पुसलं. मोठ्या मॉनिटरला जोडून पाहिलं, तिथं डोंगर लख्ख. दोन तास झाले. समोरचा पोहेवाला ओरडला, "धायगुडेजी, दीदी को छोड़ दो, शाम हो जाएगी!"

"तू जलेबी देख, जल जाएगी!" धायगुडेजी मान वर न करता म्हणाले.

लॅपटॉपच्या बाहेरच्या कडेला मी बसवलेला अंगठ्याएवढा गणपती होता. हात तिथं गेला की धायगुडेजी कपाळाला बोटं लावत आणि देवाला वळसा घालून पुढं जात. पडद्याची चौकट उघडायला घेतली, तेव्हा एक बारीक स्क्रू चिमट्यातून निसटला, कीबोर्डवर पडला आणि टुणकन जाऊन गणपतीच्या पायाशी चिकटला.

धायगुडेजी थांबले. "ताई, ही मूर्ती कुठली?"

"बडा गणपतीच्या देवळापाशी घेतली. गाडीत लावतात तसली, खाली चुंबक आहे. इथं चिकटेना, म्हणून टेप लावली."

"कधी?"

"काल रात्री," मी म्हटलं. "लॅपटॉप बंद केल्यावर. अभ्यासात यश यावं म्हणून."

ते उठले, हात धुऊन आले, नमस्कार केला आणि गणपती उचलला. पडदा झळकन उजळला. डोंगर, आभाळ, सगळं.

झाकण लागलं की दिवा विझावा म्हणून कडेला चुंबक ओळखणारा एक सेन्सर असतो म्हणे. देव नेमके त्याच्यावर बसले होते. लॅपटॉप आपला झाकण लागलंय समजून चालला होता.

मला धरणीत गडप व्हावंसं वाटलं. धायगुडेजी हसले नाहीत. "तुमची चूक नाही, ताई. मी सगळ्यांवर संशय घेतला, एकाला सोडलं. चूक माझी."

मॅडमना दाखवायला त्यांनी दुकानाच्या कागदावर शिक्क्यानिशी लिहून दिलं: 'मशिनीत दोष नाही. बाईंनी फार जपून वापरली आहे.' मी वाकून पाया पडले, तर ते घाबरून मागच्या मॉनिटरवर आदळले.

निघताना ते स्क्रू आवरत स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "इथून गेलेली मशीन चालली की नाही, मी आपला अंदाजानं समजून घेतो. चालते हे सांगायला कोण येतं? आमची मुलगीपण कॅनडाहून फोन करते, तर तिकडचं वायफाय बंद पडलं की."

बुधवारी कामावरून सुटल्यावर मी पुन्हा बस धरली.

त्यांनी माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, मग माझ्या मागं पाहिलं. "आता काय होत नाही?"

"सगळं होतं," मी म्हटलं. "सोमवारी तपासणी झाली, मॅडमनी परत माझ्याकडंच दिला. काल त्रिकोणाचा धडा संपवला. एवढंच सांगायला आले."

काउंटरवर कुणाचा तरी फोन उघडून पडला होता. धायगुडेजींनी त्याच्यावर वाटी पालथी घातली आणि तापलेली सोल्डरिंगची सळई बंद केली.

"दुकान बंद करताय?"

"नाही, नाही." त्यांनी स्टूल पुढं ओढलं, सदऱ्याच्या बाहीनं पुसलं. "बसा. त्रिकोणाचं नीट सांगा. सुरुवातीपासून."