व्हिजिट पासवरचा उमेदवार

रविवार, १३ मार्च २०१६. स्थळ : क्लेमेंटी, सिंगापूर; आमच्या मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळेची खोली. हजर : अध्यक्ष डॉ. सुचेता, सचिव म्हणून मी, मुलांना सोडायला आलेले आणि चहासाठी थांबलेले काही पालक, विद्यापीठात संशोधन करणारा मंदार, आणि श्री. मनोहर जोगळेकर, वय बहात्तर, मुक्काम कोथरूड, पुणे.

इतिवृत्तात 'मुक्काम कोथरूड' लिहिताना माझा हात अडखळला. बाकी सगळे क्लेमेंटी नाहीतर चोआ चू कांगचे. शाळेच्या नियोजन समितीची एक जागा रिकामी होती. चोआ चू कांगला शाळेची शाखा काढायची की नाही, हे ही समिती ठरवणार होती. म्हणजे दोन वर्षं दोन्हीकडच्या शिव्या खायच्या होत्या. "कुणी तयार आहे का?" असं मी विचारल्याबरोबर सगळ्यांना मोबाइलवर काहीतरी महत्त्वाचं आलं. नाइलाजाने मंदारने हात वर केला. आणि मागच्या रांगेतून दुसरा हात आला.

"मुद्दा क्रमांक एक," जोगळेकर काका उभे राहून म्हणाले, "बिनविरोध निवडून येणं हे उमेदवाराच्या तब्येतीला चांगलं नाही. माझं नाव लिहा."

"काका, पण तुम्ही एप्रिलमध्ये परत जाणार ना?"

"समितीचं काम कधी सुरू होतं?"

"जूनच्या सुट्टीनंतर. जुलैत."

"मग एप्रिलचा प्रश्न येतोच कुठे?"

मुद्दा क्रमांक दोन आलाच नाही. तो कधीच येत नाही, हे मला नंतर कळलं.

दोष माझाच होता. शाळेची घटना मीच लिहिली होती. 'सभासद कुटुंबातील कोणतीही प्रौढ व्यक्ती उमेदवार होऊ शकते,' हे वाक्य मी घातलं, ते बायकांनाही उभं राहता यावं म्हणून. व्हिजिट पासवर, म्हणजे चार दिवसांच्या मुक्कामाला, आलेले सासरे माझ्या डोळ्यांसमोर नव्हते. मला कामांची यादी केली की झोप लागते. त्या आठवड्यात यादी करूनही लागली नाही. काका निवडून आले तर? समितीत तीन जण. त्यातले एक कोथरूडला. गणपूर्ती कशी व्हायची?

जोगळेकर काका निखिलचे वडील. निखिल इथे आयटीत मॅनेजर, त्याची बायको गौरी आणि आठ वर्षांचा ईशान. आमच्याच ब्लॉकमध्ये चार मजले वर राहतात. काका पुण्यात सोसायटीचे अध्यक्ष होते, मग सचिव, मग पाण्याच्या टाकीचे प्रमुख. रिकामं पद दिसलं की त्यांचं चित्त थाऱ्यावर राहत नाही. सिंगापुरात आल्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी लिफ्टचा ताबा घेतला. सकाळी ऑफिसच्या वेळी आत उभं राहून ते बटण दाबून धरत आणि येणाऱ्या प्रत्येकाला मजला विचारत. नवव्या मजल्यावरच्या चिनी आजींना ते बिल्डिंगचे कर्मचारी वाटले. चिनी नववर्षाला त्यांनी काकांना संत्री दिली.

"नोंद घ्या, सचिवबाई," काका मला म्हणाले. "भाषा येत नाही, तरी बाईंना कामाची कदर आहे."

घरातही तेच. "ताई, काल त्यांनी फ्रिजसाठी उपसमिती नेमली," गौरीने मला सांगितलं. "सदस्य मी एकटीच. आणि कोथिंबीर सडली म्हणून माझ्याकडे खुलासा मागितला!" ईशान मात्र खूश असे. आजोबा त्याच्यापुढे रोज ठराव मांडत : संध्याकाळी खाली बागेत जावे. तो इथल्या इंग्रजीत म्हणे, "कॅन, आजोबा. बट आइस्क्रीम ऑल्सो, लाह." आजोबा म्हणत, "उपसूचनेसह मंजूर."

गौरी मला खालच्या मोकळ्या जागेतल्या बाकावर गाठून हे सांगत होती, ते मला वाटलं हसायला. पण ती हसत नव्हती.

"ताई, त्यांना थांबवा ना."

"अगं, चार दिवस हौस आहे, करू दे."

"तसं नाही. निखिलचं प्रोजेक्ट बंद झालं. त्याचा इथे काम करायचा पास जूनपर्यंतच आहे. तोवर दुसरी नोकरी मिळाली नाही तर आम्हीच इथे नसू. आणि हे जुलैच्या समितीला उभे राहतायत!" तिने आवाज आणखी खाली आणला. "बाबांना यातलं काही माहीत नाही. आई गेल्यापासून एकटे राहतात, बीपी आहे. तिकडे काळजी करत बसतील. तुम्ही बोलू नका हं. शपथ."

मी शब्द दिला. मग विचार केला, मंदार निवडून आला की प्रश्नच मिटला. तरुण, हुशार, इथला रहिवासी. पाहुण्याला कोण मत देणार?

इथे माझा हिशेब चुकला. मी सकाळी ऑफिसला जाते आणि संध्याकाळी परत येते. त्यामुळे दिवसा आमच्या मराठी घरांत कोण असतं, हे मला ठाऊकच नव्हतं. काकांना होतं. दुपारी छत्री घेऊन ते बसने निघत आणि फोन न करता बेल वाजवत. सिंगापुरात न कळवता बेल वाजली की घरमालक नाहीतर एजंट आला असं वाटून काळजात धस्स होतं. पण दार उघडणारी माणसंही न कळवता जाणाऱ्यांतलीच होती. कुणाच्या डोंबिवलीच्या सासूबाई, कुणाचे औंधचे वडील, कुणाची नाशिकची मावशी. नातवंडं शाळेत, मुलं-सुना ऑफिसात, टीव्ही लावायला तीन रिमोट. प्रचार म्हणजे काय, तर चहा व्हायचा, तीन रिमोटांचा गुंता काका सोडवून द्यायचे आणि निघताना म्हणायचे, "मतदान चोख करायचं. मला नको असेल तर मंदारला, पण करायचं."

मंदारने प्रचार केला नाही. त्याने सगळ्यांना एक ईमेल पाठवला.

एका कुटुंबाला एक मत. मतदानाच्या रविवारी मी शाळेची खोली उघडली आणि बघते तर काय, सगळ्या खुर्च्यांवर आजी-आजोबा. मुलं-सुना सामान आणायला पांगलेली. "आई, तुम्हीच द्या ना मत," असं म्हणून आयांना शाळेत सोडून गेलेली. डोंबिवलीच्या आजी इस्त्रीची साडी नेसून आल्या होत्या.

"इथे आल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी माझी सही मागितली," त्या मला म्हणाल्या आणि सावकाश, पूर्ण नाव लिहून सही केली.

जोगळेकर काका दणदणीत निवडून आले. मंदारला मोजकी मतं पडली, आणि त्यांतलं एक काकांचं होतं. "स्वतःला मत देणं बरं दिसत नाही," ते म्हणाले. त्यावर मंदार हसला, "काका, मीही तुम्हालाच दिलं." दोघांनी हात मिळवले. डॉ. सुचेता माझ्या कानाशी म्हणाल्या, "आता गणपूर्तीचं बघ तू."

निखिल ईशानला घ्यायला आला होता. निकाल ऐकून त्याचा चेहरा उतरला. "अभिनंदन, बाबा," म्हणाला, आणि फोन आल्यासारखं करून बाहेर गेला. फोन आला नव्हता. त्याच्या हातातल्या स्क्रीनवर अंधार होता. मी ते पाहिलं. काकांनीही पाहिलं.

सगळे गेल्यावर काका खुर्च्या रचायला थांबले. मी नको म्हटलं तरी थांबले. एक रांग रचून झाल्यावर ते माझ्याकडे वळले.

"सचिवबाई, एक विनंती आहे. निखिलला तुम्ही मंडळातर्फे फोन करा. सांगा, जुलैच्या बैठकीला वडिलांची उपस्थिती आवश्यक आहे."

"काका, तुम्हीच सांगा की त्याला."

"नाही. पोराला विचारायचं नसतं, पुन्हा कधी येऊ म्हणून. विचारलं की त्याला हो म्हणावं लागतं." त्यांनी एक खुर्ची उचलली आणि तशीच धरून ठेवली. "हल्ली ते दोघं स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलतात. मी आत गेलो की थांबतात. मागच्या वेळी नव्हतं असं. कोथिंबिरीवरून मी जरा जास्तच बोललो असेन. पण संस्थेचं बोलावणं असलं म्हणजे कुणावर भार राहत नाही. काम असतं ना, म्हणून माणूस येतो."

"मी करते फोन. 'उपस्थिती प्रार्थनीय' म्हणते," मी हसवायला म्हटलं.

"छे! आवश्यक म्हणा. प्रार्थनीय म्हटलं की लोक येत नाहीत." मग खुर्ची खाली ठेवून म्हणाले, "आणि मी सांगितलं म्हणून नका सांगू. शब्द द्या."

मी तोही दिला.

तर आता माझ्याकडे एकाच घरातले दोन शब्द आहेत. मुलगा-सून हळू बोलतात ते नोकरीबद्दल, वडिलांना वाटतं आपल्याबद्दल. मंडळाचा निरोप आहे तसा दिला, तर निखिल खोटं हो म्हणेल किंवा खरं नाही म्हणेल, आणि दोन्ही त्या म्हाताऱ्याला कळेल. काहीच केलं नाही, तर काका परवा शनिवारी विमानात बसतील ते आपण नकोसे झालो असं समजून. दोन्हींपैकी एक शब्द मोडायला हवा. गौरीला सांगून भागणार नाही, काकांच्या मनातलं मुलानेच ऐकायला हवं, असं ठरवून आज गुरुवारी दुपारी मी ऑफिसातून निखिलला फोन लावला.

फोन गौरीने उचलला. "ताई, निखिल घाईत फोन घरीच विसरून इंटरव्ह्यूला गेलाय. बाबांना दाताच्या डॉक्टरकडे गेलाय असं सांगितलंय," ती कुजबुजली. मागून काकांचा आवाज आला.

"कोण आहे गं? मंडळाचा फोन आहे का निखिलला?"

"नाही हो, बाबा. असाच आहे."

"बरं," काका म्हणाले. मला ते स्पष्ट ऐकू आलं.

संध्याकाळी करते म्हणून मी ठेवला. आता साडेसात वाजले आहेत, भाताची शिट्टी झाली आहे, आणि चार मजले वर जाऊन निखिलला बाहेर बोलवायचं अजून राहिलं आहे.