नरसाक्काचा समाचार

दवाखान्याच्या फाटकावरच्या वॉचमनला सक्त ताकीद होती : दारुडा, भिकारी आणि नरसाक्का यांना आत सोडायचं नाही. पहिल्या दोघांना तो बरोबर हुसकून लावायचा. नरसाक्कापुढं मात्र त्याचं काही चालायचं नाही. तिनं तोंड उघडलं की त्यालाच हसू फुटायचं, आडवा धरलेला हात आपोआप खाली यायचा आणि बाई आत.

बंदी उगीच नव्हती. आमच्या शेजारच्या शंकरचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, तेव्हा नरसाक्का समाचाराला गेली आणि शंकर असा हसला, की टाका उसवला. डॉक्टर तिच्यावर धावून आले. ही शांतपणे म्हणाली, "टाका परत घालता येतोय की ओ. माणसाचं हसू उसवलं तर कोण घालणार?"

सोलापूरच्या पूर्व भागात, आमच्या घरासमोरच तिची एक खोली होती. नवरा केव्हाच गेलेला, मूल ना बाळ. दिवसभर उंबऱ्यात बसून, मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची. माहेरची भाषा तेलुगू, आमच्याशी मराठी, फळवाल्याशी हिंदी. हसणं मात्र सगळ्यांशी एकच, कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत ऐकू जाणारं. "बाईमाणसानं असं खिदळू नये," म्हणणाऱ्या म्हाताऱ्या गल्लीत होत्याच. पण घरात कुणी अंथरूण धरलं, की तिला पहिली हाक त्याच मारायच्या.

"गोळी पोटात जातीय, हसू हाडात जातंय," हे तिचं शास्त्र. माणूस हसला की त्याला भूक लागते, भूक लागली की भाकरी जाते आणि भाकरी गेली की दुखणं पळतं. यात डॉक्टर कुठं बसतो असं विचारलं, तर म्हणायची, "खुर्चीवर."

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे असलं काही खपायचं नाही. ते कापडाच्या गिरणीत जॉबर, म्हणजे मागवाल्यांवरचे मुकादम. मागांच्या खडखडाटावरही त्यांचा आवाज चढायचा. मोठ्यानं हसणं म्हणजे त्यांच्या लेखी पोरकटपणा. बहात्तरचा दुष्काळ सरला त्या साली, एका सकाळी तोंड धुताना त्यांच्या हातातून तांब्या पडला. उजवं अंग गेलं. जीव वाचला, पण तोंड वाकडं झालं आणि तो आवाज पार बसला.

घरी आणल्यावर त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. आई घास घेऊन गेली की ओठ घट्ट मिटायचे. डॉक्टर म्हणाले, "हातपाय हलतील हळूहळू. पण यांनी खाल्लंच नाही, तर मी तरी काय करू?" मी तेव्हा नुकती शाळेत शिकवायला लागले होते. फळ्याकडं वळले की डोळे भरून यायचे, आणि पोरांना दिसू नयेत म्हणून मी उगाच लिहीत राहायची.

त्यात समाचाराला येणारी मंडळी. मंगळवेढ्याचे काका मोसंबी आणायचे, स्वतःच सोलून खायचे आणि सांगायचे, "आमच्या साडूचं अगदी असंच झालं होतं. बिचारा!" वळसंगची आत्या एसटीतून उतरेपर्यंत शेजारणीशी गप्पा हाणायची आणि आमची गल्ली लागली की गळा काढायची. एक एक पाहुणा उठून गेला, की अण्णा आणखी गप्प व्हायचे.

एका दुपारी नरसाक्का येऊन उभी राहिली. आई घाबरली. "नको गं, यांना संताप आला तर?"

"येऊ द्या की वैनी. काय तरी येऊ द्या. सरका."

ती दारापर्यंत मागं गेली, डोक्यावर पदर ओढला आणि आत आली ती आत्या होऊन. "माझ्या दादाऽऽ!" असा टाहो फोडला, मधेच थांबून पिशवी खुंटीला लावली, "च्यात साखर जास्त टाक," असं आईला सांगितलं आणि टाहो पुढं चालू. मग ती काका झाली. हवेतलं मोसंबं सोललं, बी तळहातावर थुंकली. "आमच्या साडूचं अगदी असंच!" मी पदर तोंडात कोंबला. तेवढ्यात तिनं हात मागं बांधले, हनुवटी वर केली आणि दिसत नसलेल्या मागवाल्यांवर अशी काही ओरडली, की आईनं कपाळाला हात लावला. कारण आता ती अण्णा झाली होती.

भिंतीकडून आवाज आला. मला वाटलं ठसका लागला, मी धावले. अण्णांचे खांदे हलत होते. माझे वडील हसत होते! आम्ही पाहतोय म्हटल्यावर वाकडं तोंड झाकायला त्यांनी डावा हात वर नेला. नरसाक्कानं तो बाजूला केला.

"झाकताय कशाला ओ जॉबरसाब? मी हसताना काय लई देखणी दिसतीय व्हय?"

मग ते दाबून ठेवलेलं सगळं हसू बाहेर आलं, लाळेसकट, डोळ्यांतल्या पाण्यासकट. नरसाक्का ओरडली, "वैनी, भाकरी आणा की! बघताय काय?" आमटीत कुस्करलेली अर्धी भाकरी अण्णांनी खाल्ली. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, हसले, दोन्ही एकदमच केलं. इतका आनंद मला पुढं माझ्या लग्नातही झाला नाही.

त्यानंतर ती रोज यायची. अण्णांच्या तोंडून निघालेला पहिला स्पष्ट शब्द 'गप्प' हा होता. तो नरसाक्काला उद्देशून होता आणि ती गप्प बसली नाही. दिवाळीच्या सुमारास अण्णा काठी टेकत कोपऱ्यापर्यंत गेले, तेव्हा सगळी गल्ली दारात उभी होती.

मग एक दिवस समोरचं दार उघडलं नाही. सगळ्यांना वाटलं, गेली असेल कुणाच्या तरी समाचाराला. संध्याकाळी अण्णाच म्हणाले, "समोर आवाज नाही." काठी घेतली आणि रस्ता ओलांडून गेले. मी मागोमाग. नुसतं लोटलेलं दार त्यांनी काठीनं ढकललं.

नरसाक्का तापानं फणफणली होती. दिवसभरात तिला पाणी द्यायलाही कुणी फिरकलं नव्हतं. अण्णांनी जन्मात कुणाची नक्कल केली नव्हती. ते घसा खाकरून उभे राहिले आणि आत्यासारखा गळा काढू लागले. इतकी वाईट नक्कल मी आजवर पाहिलेली नाही.

"राहू द्या जॉबरसाब," ती हळूच म्हणाली. "हसवू नका. ह्या खोलीत एकटी हसली की हसू भिंतीवरनं माघारी येतंय. म्हणून तर मी लोकांच्या घरी हिंडतीय. तुमी नुसतं बसा."

अण्णांनी काठी भिंतीला लावली आणि तिच्या अंथरुणाशेजारी फरशीवर कसेबसे बसले. मग ते आपल्या जुन्या जॉबरी आवाजात म्हणाले, "बसलो खरा. पण मला आता उठता येत नाही. तू बरी होऊन हात देशील, तेव्हाच मी घरी जाईन."

नरसाक्का क्षणभर त्यांच्याकडं बघत राहिली आणि मग अशी हसली, की आमची आई चुलीवरची आमटी तशीच टाकून धावत आली. तिच्यामागून शेजारीपाजारी आले, म्हाताऱ्याही आल्या, आणि त्या संध्याकाळी त्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही.