मर्डो न गारठल्याची गोष्ट

"समुद्रावर माणसाचं जे जे वाकडं होऊ शकतं, त्या सगळ्यावरचा उतारा माझ्या कायाकमध्ये आहे!"

मर्डो मॅकफेलने किलमोऱ्याच्या वाळूत उभं राहून हे जाहीर केलं, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. थर्मास, प्रथमोपचाराची पेटी, धुराच्या नळकांड्या, जास्तीचं वल्हं, माणूस अख्खा मावेल अशा नारिंगी पिशव्या, दोर, आणि तो दोर हरवला तर दुसरा दोर! बाकीच्यांच्या कायाक, म्हणजे वल्ह्याच्या चिंचोळ्या होड्या, लाटांवरून जायच्या. मर्डोची लाटांमधून जायची. पण आज त्याची छाती लाइफजॅकेटात मावत नव्हती.

कारणही तसंच होतं. किलमोरा कायाक क्लबचं पुढारपण इतकी वर्षं ऊना गिलक्रिस्टकडे होतं. ऊना गावातली नर्स. तिने नुसतं भुवई उचलून पाहिलं तरी माणसं न विचारता शर्टाची बाही वर करायची. पण आता तिचे गुडघे कुरकुरायला लागले होते. बाहेरच्या बेटांवरची उन्हाळी सफर, जिच्या नावावर अख्खा क्लब हिवाळा काढतो, तिला नवा म्होरक्या हवा होता.

"आज तू ने आम्हाला बेग बेटावर," ऊना म्हणाली होती. "मी मागून येईन, तोंडातून चकार शब्द काढणार नाही. दिवस नीट पार पडला तर उन्हाळ्याची सफर तुझी."

मर्डोला यासाठी किती वर्षं झुरणी लागली होती ते त्याचं त्यालाच माहीत. म्हणून निघण्याआधी त्याने वाळूतच शिकवणी सुरू केली. ऐकायला होती तिघं. ऊना, बेकरीवाली एफी आणि प्लंबर लॅकी.

"गारठलेला माणूस कधीही कबूल करत नाही!" मर्डो गरजला. "तो अडखळतो, थरथरतो, स्वतःशी बडबडतो आणि वर म्हणतो, मी ठीक आहे! असं कोणी म्हणालं रे म्हणालं की समजायचं, हा कामातून गेला. वाद घालायचा नाही. पिशवीत कोंबायचं, गोड चहा पाजायचा, रेडिओवरून मदत मागवायची. समजलं?"

"आणि त्याने नको म्हटलं तर?" एफीने विचारलं.

"नको म्हणणारच! तेच तर लक्षण!"

"तू म्हणालास तरी?"

"मी म्हणालो तरी!" मर्डो म्हणाला. हात दाखवून अवलक्षण ते हेच.

आता आतली गोष्ट. नुसत्या बोलण्याने ऊना भुलणार नाही हे मर्डो जाणून होता. म्हणून आदल्या दिवशी त्याने लॅकीला गुत्त्यात गाठून पढवलं होतं. बेटावर जेवणं झाली की लॅकीने गारठल्याचं सोंग करायचं, मर्डोने त्याला झटपट वाचवायचं, आणि ऊनाने तोंडात बोट घालायचं. एवढंच नव्हे, सकाळी तटरक्षकांनाही त्याने कळवून ठेवलं होतं की दुपारी आमचा सराव आहे, उगाच घाबरू नका. काम कसं चोख!

बेटापर्यंत सगळं झकास झालं. एफीचे हातमोजे भिजले, तर मर्डोने राजासारखे स्वतःचे काढून दिले. त्याचे हात बर्फ झाले, पण म्हटलं, ऊना बघते आहे ना, बघू दे.

बेटावर उतरल्यावर जेवणं झाली. म्हणजे तिघांची झाली. लॅकी जेवतच होता. अंड्याची सँडविचेस संपली तर त्याने मटणाचा पाय काढला, आणि पाय संपतो न संपतो तोच एफीने साखर-लोण्याच्या वड्यांचा डबा उघडला. मर्डोचा जीव टांगणीला. हा माणूस गारठणार कधी?

शेवटी तो उठून एका खडकामागे गेला आणि तिथून लॅकीला खुणा करायला लागला. आधी नुसती मान हलवली. मग दोन्ही हात छातीशी घेऊन थरथरून दाखवलं. मग दात वाजवले. लॅकी त्याच्याकडे बघत वडी चघळत राहिला. तेवढ्यात खडकामागची चिलटं मर्डोवर तुटून पडली. किलमोऱ्याची चिलटं कपडे सोडून सगळं खातात. मर्डो स्वतःच्या गालफडात मारून घेऊ लागला, हात झाडू लागला, पुटपुटून शिव्या देऊ लागला आणि शेवाळावरून पाय घसरून बसकण मारता झाला.

हे सगळं एफीने पाहिलं.

"ऊना," ती हळूच म्हणाली, "मर्डो खडकामागे एकटाच थरथरतोय. स्वतःला थोबाडीत मारतोय गं!"

ऊना उठली. गुडघे कुरकुरले तरी उठली.

"मर्डो, बाळा, कसं वाटतंय?"

"मला? मी ठीक आहे!"

एफीने कपाळावर हात मारला.

"हात बघू," ऊना म्हणाली. हात हातात घेताच तिचा चेहरा बदलला. "अगं बाई, बर्फ! मर्डो, आज वार कोणता?"

मर्डोची नजर लॅकीवर. हा बाबा तिसऱ्या वडीला हात घालत होता. "रविवार," मर्डो म्हणाला.

"सोमवार आहे."

"सोमवारच! सुट्टी आहे म्हणून रविवार वाटला!"

"आणि आज आपला म्होरक्या कोण?"

"तू! नाही, मी! म्हणजे एरवी तू, पण आज मी, आणि पुढे..."

"कळलं, कळलं," ऊना गोड आवाजात म्हणाली. तो आवाज गावात फक्त फार आजारी माणसांसाठी राखीव होता. तो ऐकून मर्डोच्या अंगावर खरंच काटा आला.

"अगं, आजारी मी नाही! आजारी लॅकी आहे! लॅकी, सांग ना, तू आजारी आहेस ना?"

लॅकीने वडी गिळली. त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मर्डोला धीर धरवला नाही, म्हणून त्याने आजाऱ्याची भूमिका स्वतःच घेतली! आणि काय करतोय पठ्ठ्या! लॅकीने त्याला डोळा मारला आणि गंभीर तोंड करून म्हणाला, "मी ठणठणीत आहे. पण हा सकाळपासूनच बिनसलाय. मला आधीच शंका होती."

"लॅक्या! अरे, काल गुत्त्यात ठरलं होतं ना, जेवण झाल्यावर तू गारठायचं म्हणून!"

"ऐकलंत?" एफी रडवेली झाली. "भ्रम झालाय बिचाऱ्याला!"

पुढचं फार भराभर झालं. मर्डोने शिकवलं होतं त्याच्यापेक्षाही भराभर. त्याच्याच कायाकमधून नारिंगी पिशवी निघाली, तो पिशवीत गेला. ऊब हवी म्हणून लॅकी शेजारी आत घुसला. मटणाचा वास सुटला होता. एफी चहा पाजत होती, साखर इतकी की चमचा उभा राहावा.

"थर्मामीटर लावा!" मर्डो ओरडला. "तळाशी आहे! सगळ्यांच्या खाली, दुसऱ्या दोराच्याही खाली!"

"आता खणत बसायला वेळ नाही," ऊनाने रेडिओ उचलला.

"तटरक्षक दल, किलमोरा कायाक क्लब बोलतोय. आमचा एक माणूस गारठलाय."

"हो, हो," पलीकडून खुशीत उत्तर आलं. "सकाळीच कळवलंय मर्डो मॅकफेल यांनी. सराव छान चाललाय!"

"सराव कसला? मर्डो मॅकफेलच गारठलाय!"

"अस्सं? मग सराव कोण घेतंय?"

"कोणीच घेत नाहीये!"

"मर्डोंना द्या बरं जरा."

ऊनाने रेडिओ पिशवीच्या तोंडाशी धरला. मर्डोने सगळा जीव एकवटला. एवढी एकच संधी होती. बोट आली की बंदरावर अख्खं गाव बघणार, आणि उन्हाळ्याची सफर बुडणार!

"सराव आहे! सराव आहे! मी ठीक आहे! आजारी लॅकी आहे! म्हणजे तोही आजारी नाही, तो आजारी पडणार होता, पण तो जेवत राहिला!"



"बोट निघाली आहे," पलीकडचा म्हणाला. "त्यांना झोपू देऊ नका."

लाइफबोट आली ती पाणी फाडत. तांडेल होता रुअरी, एरवी गावातला खाटीक. सुट्टीच्या दिवशी भर दुकानातून धावत आलेला, एप्रन तसाच. बोटीवर घेता घेता मर्डोने शेवटचा प्रयत्न केला. म्हटलं, नाही म्हणणारा आजारी असतो, तर हो म्हणून पाहू.

"ऊना, कबूल! मला थंडी वाजतेय!"

"देवा," ऊना पुटपुटली. "आता तर कबूलही करायला लागला. रुअरी, जोरात घे!"

बंदरावर आइस्क्रीम चाटत गाव उभं होतं. रुअरीने मर्डोला धक्क्यावर बसवलं, त्याचा लालबुंद, घामाने डबडबलेला चेहरा नीट न्याहाळला, आणि आवाज खाली आणून विचारलं, "मर्डो, एक खरं सांग. तू गारठला होतास, की हे सोंग होतं? कारण सोंगासाठी बोट काढायला लावली असेल, तर माझी सहा माणसं कामं टाकून आली आहेत."

मर्डोने आजूबाजूला पाहिलं. ती सहा माणसं ओलीचिंब उभी होती. ऊना उभी होती. सोंग म्हणावं, तर सफर तर गेलीच आणि जन्मभर गावात तोंड दाखवायची सोय नाही. गारठलो म्हणावं, तर गारठलेल्याच्या हाती क्लब कोण देणार? इकडे आड, तिकडे विहीर. आणि खरं सांगावं तर त्याला त्या माणसांची लाज वाटली.

"गारठलो होतो," तो पडेल आवाजात म्हणाला.

ऊनाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "त्यात लाजायचं काय? होतं असं. पण उन्हाळ्यात तू माझ्या शेजारून चल, मर्डो, मध्ये, सुरक्षित. सफर नेईल तो, ज्याने तुझं बिनसल्याचं सगळ्यात आधी ओळखलं. डोकं शांत ठेवलं. जेवणसुद्धा सोडलं नाही!"

लॅकीने लाजून खाली पाहिलं.

सगळे पांगले तेव्हा लॅकी मर्डोला कोपऱ्यात घेऊन गेला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या, कौतुकाचं. "काय केलंस रे! शेवटपर्यंत सोडलं नाहीस, रुअरीपुढेसुद्धा! मला कधी जमलं नसतं." मग त्याने इकडे तिकडे पाहिलं आणि कुजबुजला, "ऐक ना. उन्हाळ्यात बाहेरच्या बेटांवर मलाही ऊनाला एक सराव करून दाखवायचाय. आजारी कोण, ते कोणाला सांगायचं नाही. तू पडशील आजारी?"

मर्डोने चिलटांनी फोडलेला गाल खाजवला.

"जेवणाआधी," तो म्हणाला. "जेवणाआधी असेल तर पडतो."