आट्यांनी खाल्लेलं लोखंड

आमच्या चंद्रपूरच्या मे महिन्यात पाहुणा घरात शिरला की आधी पंखा शोधतो. रामटेके फोरमन आधी स्टूल मागायचे. स्टूलवर चढून पंखा ज्या बोल्टला लटकलेला असेल तो बोटाने चाचपायचे, आणि मग एक तर पंख्याखाली बसायचे, नाहीतर खुर्ची भिंतीशी ओढायचे. दहा घरांपैकी सात घरी ते भिंतीशी बसत. हा आकडा मी स्वतः मोजलेला आहे.

पुतण्यासाठी मुलगी पाहायला मूल गावी गेले तेव्हा मी सोबत होतो. पोह्यांच्या बश्या घेऊन मुलगी दारात आली आणि पाहते तर वरपक्षाचे वडीलधारे स्टुलावर, मान पंख्याच्या पात्यांत. मुलीचे वडील घाबरून म्हणाले, "भाऊ, काही चुकलं काय?"

"पोरगी चांगली आहे," वरूनच उत्तर आलं. "बोल्ट बदलवा."

लग्न झालं. बोल्टही बदलला.

आमच्या बांधकाम खात्याच्या वर्कशॉपमध्ये ते फोरमन होते आणि मी त्याच आवारातल्या ऑफिसात अंदाजपत्रकं करायचो. हे ऐंशी सालानंतरचं. मी तेव्हा बेचाळीसचा, ते पंचावन्नचे. मूळचे नागभीडकडचे. बायको वारल्यापासून क्वार्टरमध्ये एकटेच राहत. रविवारीसुद्धा वर्कशॉपात येऊन बसायचे. "घरी बसून का करू? घरी एक बी बोल्ट नाई," म्हणायचे.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं : "खाल्लेलं वजा करा, मंग बोला."

याचा अर्थ असा. छत्तीस मिलिमीटरचा बोल्ट म्हणजे सगळीकडे छत्तीसचा नव्हे. नट फिरायला त्यावर आटे पाडले की आटे लोखंड खातात. ओढ पडली की बोल्ट तुटतो तो आट्यांतच. म्हणून व्यासातून दोन आट्यांमधल्या अंतराची ०.९३८२ पट वजा करायची, उरेल त्याचा वर्ग करायचा, त्याला ०.७८५४ने गुणायचं. तेवढंच लोखंड भार घेतं, बाकीचं नुसतं दिसतं. मी एकदा म्हटलं, ०.९३८ धरू, सोपं पडेल. ते म्हणाले, "बाबू, त्या शेवटच्या दोनाले बी कोनी तरी लटकून रायते."

खाल्लेलं वजा करणं ते माणसांनाही लावायचे. स्टोअरकीपरने तीस वर्षांच्या नोकरीचा तोरा मिरवला, तर म्हणाले, "दारूनं खाल्लेलं वजा कर. किती उरली?" स्टोअरकीपर महिनाभर बोलला नाही.

एका मे महिन्यात माझ्या टेबलावर झुलत्या पुलाचं काम आलं. भामरागडच्या पलीकडे एका गावाला नाला आडवा येतो. पावसाळ्यात चार महिने गाव तुटतं. तिथे पायी जाण्यापुरता, तारांवरचा पूल बांधायचा होता. तारा ज्या लोखंडी पाट्यांना बांधायच्या, त्या प्रत्येक पाटीला चार बोल्ट. पूल माणसांनी गच्च भरला तर पाटीवर पंचेचाळीस टन ओढ येणार होती. मी छत्तीसचा बोल्ट धरला, क्षेत्रफळ काढलं १०१८, चौरस मिलिमीटरला बारा किलो, चार बोल्ट. जवळपास एकोणपन्नास टन. साहेबांनी सही केली.

रामटेके कागद घेऊन माझ्यापुढे उभे राहिले.

"काऊन बाबू, हे १०१८ कुठून आनले?"

"छत्तीसचा वर्ग करून."

"अन् आटे कोन वजा करन? माहा बाप?"

त्यांनी टेबलावरच खडूने हिशेब मांडला. आट्यांचं अंतर चार. छत्तीसातून वजा जाता ३२.२४७२. क्षेत्रफळ ८१७. चार बोल्ट मिळून एकोणचाळीस टन आणि थोडं. सहा टन कमी. माझे कान तापले. अठरा वर्षांत माझा आकडा कुणी खोडला नव्हता.

साहेब चिडले. पाऊस तोंडावर आला होता. म्हणाले, "रामटेके, यंदा हेच लावा. वीसच माणसं चढावीत असा बोर्ड लावू."

"साहेब, मंडईच्या जत्रेत बोर्ड कोन वाचते?"

"मग काय करायचं?"

"बेचाळीसचे बोल्ट. मी बनवून राह्यलो ना!"

बेचाळीसचे बोल्ट स्टोअरमध्ये नव्हते. त्यांनी स्वतः लेथवर उभं राहून आटे पाडले, पाट्यांची भोकं वाढवली. बारा दिवस गेले. सामान घेऊन ट्रक निघाला आणि आलापल्लीहून परत आला. पुढचा रस्ता दोन दिवस आधीच पाण्याखाली गेला होता. पहिलेच बोल्ट गेले असते तर पूल पावसाआधी झाला असता. तिथलं काम पाच दिवसांचं होतं.

ऑगस्टमध्ये त्या गावच्या एका बाईला धानाच्या रोवणीच्या बांधीत साप चावला. चौघांनी खाटेवर घालून तिला नाल्यापर्यंत आणलं. नवरा सोबत होता. सकाळची वेळ होती. पाणी संध्याकाळपर्यंत उतरलं नाही. ती काठावरच गेली.

ऑफिसात दोन दिवस चर्चा झाली. स्टोअरकीपर मोठ्याने म्हणाला, "फोरमनसाहेबाईचे आटे!" रामटेक्यांनी ऐकलं.

पावसाळा संपल्यावर पूल बांधायला ते स्वतः गेले. फोरमनने जायची गरज नव्हती. आठ दिवसांनी परतले ते सरळ माझ्या टेबलापाशी आले. जेवणाची सुट्टी होती, ऑफिसात कुणी नव्हतं.

"त्या बाईच्या नवऱ्याकडे गेलो होतो," म्हणाले.

"काय सांगितलं?"

"सांगाले गेलो होतो का उशीर माह्यामुळं झाला. त्यानं मले पेज पाजली. म्हने, दादा, तुम्ही पक्का पूल देल्ला." पुढे म्हणाले, "मी पेज पेलो अन् उठून आलो."

मग त्यांनी खिशातून कागद काढून माझ्यापुढे सरकवला. हिशेब होता. छत्तीसचे चार बोल्ट, क्षेत्रफळ ८१७, ताकद एकोणचाळीस टन. खाली पुलाचं वजन, चार माणसं, एक खाट, एक बाई, एक नवरा. एकूण ओढ वीस टनांच्या आत.

"तपासा," म्हणाले.

मी तपासलं. सगळं बरोबर होतं. माझ्या चुकीच्या बोल्टांवरून ती खाट सहज पार झाली असती.

मी म्हटलं, "पण मंडईला पूल गच्च भरला असता तर..."

"ते मले मालूम आहे. तुम्ही हे तपासा."

मी दुसऱ्यांदा केलं. मग कोऱ्या कागदावर तिसऱ्यांदा. रामटेके खुर्चीच्या कडेवर बसले होते. एवढ्या वर्षांत त्यांनी दुसऱ्यांच्या कामांत चुका शोधल्या होत्या. आज ते स्वतःच्या कागदात एक मागत होते, आणि मला ती सापडत नव्हती. खोटी काढून दाखवली असती तर त्यांनी ती लगेच ओळखली असती.

"बरोबर आहे, रामटेके."

"निंगन बाबू, चूक निंगन. अखीन एक डाव पाहा."

मी नवा कागद घेतला आणि वर लिहिलं : व्यास छत्तीस.