डाव्या पंखाचे सोनजे

दोन हजार तेवीस साल. मला एकाहत्तर पुरी झाली होती, आणि त्या वयात एका माणसाने मला चमच्यासाठी घरात कोंडून ठेवलं.

आमच्या वरच्या मजल्यावरचे सोनजे. चहा पिऊन मी उठलो, तर हे दाराला कडी लावून उभे. "काम थांबवा. एक चमचा कमी शे." एरवी शहरासारखं बोलतात, पण काही हरवलं की त्यांची सटाण्याकडची बोली बाहेर येते. मी खिसे उलटे करून दाखवले. चोर समजता काय, म्हणून आवाजही चढवला. त्यांनी कडीवरचा हात काढला नाही. "तुमच्यावर संशय नाही, अण्णा. पण मोजणी लागल्याशिवाय कोणी सेक्शन सोडायचा नाही." पाऊण तासाने चमचा साखरेच्या डब्यात निघाला. तेव्हा मला जायला मिळालं.

त्यांच्या स्वयंपाकघराची भिंत बघण्यासारखी आहे. झारा, पळी, किसणी, सांडशी, जे लटकेल त्याच्यामागे पेन्सिलीने त्याचा आकार काढलेला. वस्तू जागेवर नसली की भिंत ओरडून सांगते. ओझरच्या विमान कारखान्यात त्यांची एकतीस वर्षं गेली. तिथे म्हणे काम सुटताना हत्यारं मोजतात. एखादा पाना विमानात राहिला आणि विमान वर गेलं तर काय होईल, हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलंय की माझ्या स्वप्नात पाने येतात.

मी गुलाबवाला. ही बिल्डिंग उभी आहे तिथे, गंगापूर रोडला लागून, माझे वाफे होते. शाळा चौथीपर्यंत. पण कलमाचा डोळा भरावा तर मीच, असं लोक म्हणायचे. मीही म्हणायचो. त्यामुळे बारीक कामाचं कौतुक मला कोणी शिकवायला नको. तरी सोनजेंचं विमान बघताना मी चष्मा दोनदा पुसला.

रिटायर माणसं देवदेव करतात, यांनी विमान करायला घेतलं. प्लॅस्टिकचं. लढाऊ, दोन शेपट्यांचं, ओझरवरून आपल्या डोक्यावर गडगडत जातं तसंच, पण अठ्ठेचाळीस पट लहान. पोळपाटावर ठेवलं तर चोच आणि शेपूट दोन्ही बाहेर राहतील एवढं. खोक्यात विमान नव्हतंच. प्लॅस्टिकच्या चौकटींना शेकडो तुकडे चिकटलेले, काही तर बाजरीच्या दाण्याएवढे, आणि प्रत्येकाला नंबर. सोनजे एक तुकडा कापणार, पॉलिश पेपरने घासणार, खिडकीच्या उजेडात धरणार, परत घासणार. मग पाण्यासारखा पातळ गम ब्रशने लावून धरून बसणार.

"आता बोलू नका, अण्णा. वाळतंय."

"माझ्या बोलण्याने वाळायचं थांबतं का?"

"तुमचा श्वास जोरात आहे."

वैमानिकाच्या खुर्चीला चार दिवस लागले. तिच्या पट्ट्यांना दोन केसांच्या ब्रशने रंग दिला, वर काच बसवली आणि सगळं झाकून गेलं. मी म्हणालो, आता हे कोण बघणार? तर म्हणे, "मला माहीत आहे ना."

संक्रांतीला डावा पंख लागला. असा लागला की सांधा नखाला कळेना. आणि तिथेच गाडी अडली. होळी गेली, पाडवा गेला, उजवा पंख काही लागेना. टेबलावर विमान एका कुशीवर कललेलं, खाली काडेपेटीचा टेकू.

माझ्याने राहवेना. "सोनजे, एका पंखाची कोंबडीसुद्धा कुंपण ओलांडत नाही. लावा की दुसरा."

"उजवा पंख माझा सेक्शन नाही."

"घरात कसला आलाय सेक्शन? स्वयंपाकघर तुमचं, मोरी तुमचीच."

"एकतीस वर्षं डावा केला. उजव्याला हात नाही लावला. डाव्याने उजव्याचं तपासायचं, उजव्याने डाव्याचं. आपलं काम आपणच तपासलं तर ते तपासणं नाही."

"मग द्या इकडे. मी लावतो."

"तुमचा सेक्शन कुठला?"

"गुलाब!"

"मग गुलाबच बघा."

मी उठलो तो पंधरा दिवस वर गेलो नाही. जिन्यात दिसले तरी मी कठडा बघत उतरायचो. मोडेन पण बोलणार नाही, असा माझा स्वभाव. त्याचा मला फायदा कधी झाला नाही, पण तो माझा आहे.

सोळाव्या दिवशी दुपारी आमच्या हिने कैरीच्या लोणच्याची बरणी हातात दिली. "तुमचं भांडण तुमच्यापाशी. बरणी वर जाऊ द्या." गेलो. उकाड्याने सोनजेंचं दार उघडंच होतं. ते विमानाच्या डाव्या बाजूला बसले होते, मान टेबलापर्यंत वाकवून, आणि विमानाच्या पोटाखालून पलीकडे बोलत होते.

"यशवंत, माझं झालं रे. तुझं कुठवर आलं?"

पलीकडे कोणी नव्हतं. थोडं थांबून त्यांनी मान वर काढली, तर दारात मी. ते ओशाळले नाहीत. "बसा," म्हणाले.

"उजव्यावर यशवंत असायचा. सव्वीस वर्षं. मधे विमान, तोंड दिसायचं नाही. पोटाखालून बोलायचो. त्याच्या पोरीचं लग्न तसंच बोलता बोलता ठरलं. माझी बायको गेली, मी रजेवरून कामावर आलो, तर पलीकडून एवढंच म्हणाला, आलास का, डबा दोघांचा आणलाय. मग वर्षभर दोघांचा आणला."

मी बरणी खाली ठेवली.

"हे खोकं दोघांनी मिळून मागवलं. तो म्हणायचा, जन्मभर आपण अर्धं अर्धं केलं, आता एक अख्खं करू. खोकं आलं, आणि दिवाळीत तो गेला." त्यांनी टेबलाखालून स्टीलचा डबा काढला. आत उजव्या पंखाचे तुकडे, न कापलेले, आणि कोरी हत्यारं. "मी लावला तर लागेल हो, अण्णा. लागेल. पण मग माझा डावा तपासणार कोण?"

मी बरणीचं झाकण घट्ट लावलं आणि खाली आलो. हिने विचारलं, मिटलं का? मी म्हणालो, भांडण होतंच कुठे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून मी वर गेलो. चहा नको म्हणालो. टेबलाला वळसा घालून पलीकडे बसलो, डाव्या पंखाच्या सांध्यावरून दोनदा नख फिरवलं, "ठीक आहे," म्हणालो आणि हात पुढे केला. सोनजेंनी डबा उघडून उजव्या पंखाची चौकट माझ्या हातावर ठेवली.

"उलटी धरलीय, अण्णा."

"माहीत आहे मला," मी म्हणालो, आणि सुलटी केली.