ठोकून घेतलेली टाकी

माझ्यासारखं मडकं पारखणारी बाई अख्ख्या कर्जतच्या बाजारात नाही! बोटाच्या पेराने एकदा ठोकायचं. टण्ण वाजलं की घ्यायचं, बद्द वाजलं की कुंभाराची हजेरी घ्यायची. दुसरीत शाळा सोडली, पण एवढ्या विद्येवर चाळीस वर्षं संसार केला.

अठ्ठ्याहत्तर साली, तुळशीचं लग्न झाल्यावर, माझ्या गळ्यातली बोरमाळ विहिरीत पडली. माझी नव्हे, सुनेची! सोमीला तिच्या आईने, लोधिवलीच्या ठकूबाईने, लग्नात घातलेली. मी एका हळदीला मिरवायला मागून घेतली, येताना पोहरा काढायला वाकले आणि बुडुक! सोमीला म्हटलं, "गाठवायला टाकलीय गं." खरं काय ते माझ्या लेकाला, कोंडाजीलाच ठाऊक. रविवारी ठकूबाई लेकीला न्यायला येणार होती, धाकटीच्या लग्नासाठी. बिनमाळेची लेक तिच्या हवाली केली असती, तर माझ्या नावाने खालापुरापर्यंत शिमगा झाला असता.

गळ टाकला. वर आली एक चप्पल! कोंडाजीने बुड्या मारल्या, पण पाणी पंधरा हात. तळाला पोचेस्तोवर त्याचा दम संपे, वर डोळ्यांपुढे अंधार.

तेवढ्यात कळलं, कुंभिवलीला हायवेवर काळूराम भंगारवाल्याकडे मोडक्या बोटीतलं पाणबुड्याचं सामान आलंय. शनिवारी सकाळीच मायलेक गेलो. पाठीवर बांधायच्या दोन लोखंडी टाक्या, रबरी नळी, डोळ्यांना लावायची काच.

मी पहिली टाकी ठोकली. बद्द! दुसरी ठोकली. टण्ण!

"ही दे," मी म्हटलं.

"मावशी, ती नको. त्या पहिलीत हवा..."

"हवा इकतोस व्हय रं? आमच्याकडं हवा फुकट हाय! तडकलेली टाकी गळ्यात मारतोस?"

"अवं पर आईका तरी..."

"मला शिकवू नको! भाव निम्मा कर."

काळूरामने निम्मा केला. फार लवकर केला, तिथेच मला शंका यायला हवी होती. उलट मी म्हटलं, "आणि वर काय देतोस?" घासाघीस झाल्यावर वर काहीतरी घेतल्याशिवाय मी दुकानाची पायरी उतरत नाही. त्याने कपाळाला हात लावला आणि काच नि शिशाचे गोळे ओवलेला पट्टा फुकट दिला. पट्टा चांगला जड होता. मी खूश!

दुपारी विहिरीवर अख्खी आळी जमली, सोमीसुद्धा. "कळशी पडलीय," मी सांगितलं. कोंडाजीच्या कमरेला दोर बांधला, तोंडात नळी दिली आणि सोडला. दोन क्षणांत दोराला असे हिसके, जणू खाली रेडा बांधलाय! दहाजणांनी ओढून वर काढला. चेहरा वांग्यासारखा जांभळा.

"आये, ही रिकामी हाय!" तो खोकत म्हणाला. "बद्द वाजत व्हती ती भरलेली!"

आळी माझ्याकडे बघायला लागली. मी आभाळाकडे बघितलं.

कोंडाजीने टाकी फेकली. काच लावली, शिशाचा पट्टा आवळला, छातीभर श्वास घेतला आणि धोंड्यासारखा सरळ तळाला गेला. म्हणजे पैसे मोजले ते काठावर, फुकटचं तेवढं कामाला!

नेमकी त्याच वेळी ठकूबाई येऊन उभी राहिली. एक दिवस आधीच!

"जावईबापू कुठं हायती?"

"कळशी काढतायत," मी म्हटलं. "चला, आपण घरात बसू. पाणी घ्या, चहा घ्या..."

मी तिला दंडाला धरून वळवली. दोन पावलं टाकली असतील, तोच दोराला इशारा झाला, लोकांनी ओढलं आणि कानात पाणी गेलेला माझा लेक विहिरीतून गावभर ऐकू जाईल असा ओरडला,

"आये! तुझ्या गळ्यातली माळ गावली गं!"

सोमीने माझ्याकडे बघितलं. ठकूबाईने आधी लेकीच्या मोकळ्या गळ्याकडे बघितलं, मग माझ्या.

"तुमच्या गळ्यातली?" तिने सावकाश विचारलं. "विहीणबाई, माळ मी लेकीला घातली व्हती का तुमाला?"

मी आत जाऊन चूल पेटवली. ठकूबाईच्या कपात साखर मात्र तीन चमचे घातली.