पडल्यावर कोण उठवतं?

दातवाल्यांनी व्हिडिओ गेमचा कंट्रोलर टीपॉयवर ठेवला, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले आणि पडद्यावरच्या आपल्या वेणीवाल्या पैलवानाकडे टक लावून पाहिलं. पैलवानाच्या हनुवटीवर लाथ बसली. तो हवेत उडाला, आणि पाठ जमिनीला टेकते न टेकते तोच कोलांटी मारून सावरून उभा राहिला. बटण कोणीच दाबलं नव्हतं. दुपारचे तीन वाजले होते, पंखा फिरत होता आणि घरात चिटपाखरू नव्हतं. म्हणजे बायको स्वयंपाकघरात होती, पण तिला दातवाले अशा वेळी धरत नसत.

कवळ्या बनवणं हा त्यांचा धंदा. अनोळखी माणसांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे टीव्हीच्या दोन्ही बाजूंच्या फळ्यांवर ओळीने मांडलेले असत. एकेक दात तासभर घासणारा हा माणूस, पण खेळात एक फटका बसला की धीर सुटलाच. मग सगळी बटणं एकदम बडवायची. खेळाची रीत नेमकी उलटी होती. मार बसला की क्षणभर पैलवान कोणाच्याच ताब्यात नसतो. तेव्हा धडपड केली तर तो आडवाच राहतो आणि वरून आणखी मार खातो. गप्प थांबून, पाठ टेकताच एकदाच बटण दाबलं तर सावरतो. दातवाल्यांना हे तोंडपाठ होतं, जमत मात्र अजिबात नव्हतं.

आणि रविवारी साडू येणार होते. साडू लोकांना गाडी चालवायला शिकवत, आणि अकरा वर्षांत त्यांनी दातवाल्यांना पत्ते, कॅरम, बुद्धिबळ, सगळ्यांत धूळ चारली होती. गेल्या महिन्यात सासऱ्यांसमोर पैज लागली: या खेळात हरेल त्याने दुसऱ्याला जन्मभर, चारचौघांत, ‘गुरुजी’ म्हणायचं. पैज दातवाल्यांनीच तावातावाने लावली होती. त्या रात्रीपासून त्यांना नीट झोप नव्हती.

त्यांनी कंट्रोलर टॉवेलात गुंडाळला आणि दातांच्या खणात कुलूपबंद केला. पडद्यावर वेणीवाला आणखी दोनदा पडला, दोनदा उठला, आणि वर समोरच्याला लोळवून मोकळा झाला. फळीवरचे जबडे रोजचेच होते, पण आज ते आपल्या पाठीमागे कोणाला तरी बघून हसताहेत असं त्यांना वाटलं. मागे स्वयंपाकघराचं अर्धवट उघडं दार होतं. वळून बघायचं धाडस काही झालं नाही.

संध्याकाळी त्यांनी बायकोजवळ विषय काढला.

"अगं, तो आपोआप उठतोय."

"कोण?"

"वेणीवाला. मी हातसुद्धा लावत नाही."

"बरंच आहे की. तुम्ही हात लावला की पडून राहतो."

"तुला भीती नाही वाटत?"

"मला रविवारची वाटते. एक करा. मार बसला की हात सोडा. ज्याला उठवायचंय तो उठवेल."

"ज्याला म्हणजे कोणाला?"

"चहा टाकू का?"

दातवाल्यांना स्वतःची लाज वाटली, पण जे काही आहे ते निदान रविवारपर्यंत टिकावं असंच त्यांना मनापासून वाटत होतं. खेळून झाल्यावर ते टीव्हीला हळूच "येतो" म्हणू लागले.

रविवारी चारला साडू आले. दोघी बहिणी तडक स्वयंपाकघरात गेल्या. साडूंनी सोफ्यावर बैठक मारली.

"काय साडूभाऊ, जीभ वळवून ठेवलीय ना? गु-रु-जी."

"बघू कोणाची वळते."

पहिल्या डावात दातवाल्यांनी सवयीने बटणं बडवली आणि सपाटून मार खाल्ला. दुसऱ्यात पहिल्याच फटक्याला त्यांनी हात सोडले. वेणीवाला उठला आणि साडूंचा मुखवटेवाला भुईसपाट झाला. आता तिसरा डाव, त्यावर जन्मभराचा सवाल. वेणीवाल्याची लाथ बसून मुखवटेवाला पाठीवर पडला आणि लगेच, अगदी लगेच, कोलांटी मारून उभा राहिला. असा उठणारा दातवाल्यांनी एकच पाहिला होता. त्यांनी चमकून शेजारी पाहिलं.

साडूंचा कंट्रोलर पायाशी पडला होता. हात मांडीवर जोडलेले, चेहरा प्लास्टरसारखा पांढरा.

"तुम्ही दाबलंत?" दातवाल्यांनी कुजबुजत विचारलं.

"नाही. तुम्ही?"

दातवाल्यांनी आपले रिकामे हात दाखवले. पडद्यावर दोघे पैलवान एकमेकांना तुडवत होते, पडत होते, सावरत होते. सोफ्यावरच्या दोघांना सात जन्मांत जमलं नसतं असं लढत होते.

"तुमच्याकडे कधीपासून?"

"पैज लागल्यापासून," साडू म्हणाले. त्यांचा पाय जमिनीवर नसलेला ब्रेक दाबत होता. "घर बदलायचं ठरवत होतो हो. बायकोशी बोललो, तर म्हणते, हात सोडा."

"असंच म्हणाली?"

"अगदी असंच."

मुखवटेवाला कोसळला आणि या वेळी उठला नाही. डाव संपला, पडदा क्षणभर काळा झाला. त्या काळ्या काचेत सोफ्यावरचे दोघे दिसले. त्यांच्या मागे स्वयंपाकघराच्या दारात दोन स्टुलं दिसली, स्टुलांवर दोघी बहिणी, आणि प्रत्येकीच्या हातात एकेक कंट्रोलर. दोन कंट्रोलर एकाच पैलवानाला जोडायची सोय त्या यंत्रात होती. लहान मुलांना सांभाळून घेण्यासाठी दिलेली.

"म्हण आता," मागून दातवाल्यांच्या बायकोचा आवाज आला.

"गुरुजी."

"असं नाही. आपलंही चारचौघांत ठरलंय. मोठ्याने म्हण."

"ताई, ते दोघं बसलेत ना पुढे."

"म्हणूनच."

"गुरुजी," मेहुणी खणखणीत म्हणाली.

सोफ्यावर कोणी हललं नाही. दोघांपैकी एकानेही मागे वळून पाहिलं नाही. भूत असतं, तर एव्हाना पाहिलं असतं.